मुलं स्क्रीनवर वाढली म्हणून फळा पुसून टाकायचा का?

फळा-खडू
काल इथे एका ताईंनी लिहिलं होतं की ही पिढी मोबाइलवर वाढली, तिला अख्खा तास बसवत नाही. म्हणून शिक्षकांनी तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ दाखवावेत, लगेच क्विझ घ्यावी, आणि ज्यांना हे जमत नाही त्यांनी घरी बसावं. 'घरी बसावं' वाचल्यापासून माझं डोकं तापलंय. बावीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवतोय.

मुलांना मोबाइल येतो म्हणजे नेमकं काय येतं? 'असर' म्हणजे मुलांना प्रत्यक्षात काय येतं ते तपासणारं देशभरातलं सर्वेक्षण. त्याचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन, आणि तो वापरताही येतो. त्याच मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नाही. त्यांच्यापुढे आणखी एक स्क्रीन धरू?

मागच्या वर्षी शाळेला देणगीत स्मार्ट बोर्ड मिळाला. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत गेलो, कोन बदलत राहिले, बेरीज १८० ची १८०. वर्गाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सिद्धता घ्यायला लागलो तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, काल बघितलं की, आता सिद्ध कशाला करायचं?" पोरगा उनाड नव्हता, मनापासून विचारत होता. समांतर रेषा काढून त्याला पटवण्यात दोन तास गेले. शिकवणं ते होतं, टाळ्या नव्हेत.

विज्ञानबाई
सर, बोर्ड नसता तर त्याला हा प्रश्न पडला असता का? सिद्धता मुकाट पाठ केली असती, आपण सगळ्यांनी केली तशीच. मी विज्ञानासोबत गणितही घेते. जिओजेब्रावर, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरवर, वर्तुळ काढते, अंतर्लिखित कोन (ज्याचा शिरोबिंदू वर्तुळावरच असतो तो) काढते, आणि आधी अंदाज वहीत लिहायला लावते: शिरोबिंदू कंसावर सरकला तर कोन वाढेल, घटेल, की तोच राहील? मग बिंदू हलवते. ज्यांचा अंदाज चुकतो तीच मुलं 'असं का' म्हणून मागे लागतात. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या सगळ्यांचे स्टेटस त्यांच्या फोटोचे होते. आता अचानक स्क्रीन वाईट?

दोन लेकरांची आई
तुम्हा दोघांच्या भांडणात घर कुठेच नाही. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे एकच फोन, तो सकाळी ह्यांच्याबरोबर कामावर जायचा. रात्री नऊला परत आला की थोरलीच्या लिंका आधी, धाकटा बघता बघता झोपून जायचा. त्याची दुसरी तशीच गेली. आज पाचवीत आहे आणि ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय वाचत नाही. तो 'टेक्नॉलॉजीवर वाढलेला' नाही, टेक्नॉलॉजीने मागे ठेवलेला आहे.

पाढेवाले आजोबा
पद्धत बदलायची हौस २०१९ मध्येच पाहिली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसचं 'वीस सात' केलं! पुण्यातल्या नातवाला एकोणऐंशी म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतो. पावकी, निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) तर त्याने ऐकलेलीच नाही. आधी भाषा घालवायची, मग मुलांना समजत नाही म्हणून व्हिडिओ आणायचे.

सीमाभागी
आजोबा, पुस्तकात दोन्ही वाचनं होती. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर हे सांगत होत्या, पण ओरडणाऱ्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. मी कर्नाटकातल्या निपाणीचा. शेजारची कन्नड मुलं 'इप्पत्तेळु' म्हणायची, म्हणजे वीस-सात, आणि तसंच लिहायची. मी त्रेसष्ट ऐकून आधी तीन लिहायचो, ३६ व्हायचे, हातावर छडी बसायची. तिसरीपर्यंत.

पाढेवाले आजोबा
छडीचा राग शब्दावर काढू नका! पिढ्यान्‌पिढ्या बाजारहाट ह्याच शब्दांत झाला.

सीमाभागी
आणि पिढ्यान्‌पिढ्या माझ्यासारखी मुलं 'गणितात ढ' ठरली, त्यांचा हिशेब कुणी ठेवला? तुमचा नातू इंग्रजी माध्यमात आहे ना? मग त्याला एकोणऐंशी येत नाही ह्याला दुसरीचं मराठी पुस्तक कसं जबाबदार?

पाढेवाले आजोबा
माध्यम मी निवडलं नाही. त्यावर घरात पुरेशी भांडणं झाली आहेत. पुस्तकात दोन्ही वाचनं होती हे मला माहीत नव्हतं, एवढं मान्य.

विज्ञानबाई
मूळ विषयावर येऊ का? ताई, तुमच्या धाकट्याला व्हिडिओची गरज नाही. रोज वीस मिनिटं कुणीतरी शेजारी बसून मोठ्याने वाचून घ्यायला हवं. हे मी स्क्रीनची बाजू घेऊनही म्हणतेय.

दोन लेकरांची आई
त्याच्या वर्गात ५२ मुलं आहेत. बाई कुणाकुणाच्या शेजारी बसतील?

फळा-खडू
ताई, ह्याला माझ्याकडेही उत्तर नाही, आणि स्मार्ट बोर्डाच्या देणगीदारांकडे तर नाहीच. विज्ञानबाई, आधी अंदाज लिहून घ्यायचा हे मला सुचलं नव्हतं. मी थेट बिंदू ओढून दाखवला, चूक तिथे झाली. तुमची ती वर्तुळाची फाइल पाठवा. दहावीला ते प्रकरण पुढच्या महिन्यात आहे. सिद्धता मात्र मी फळ्यावरच घेणार, आणि 'घरी बसावं' लिहिणाऱ्या ताईंनी त्या तासाला येऊन बसावं.