नेत्ररोपणानंतर जंतुसंसर्ग कसा टाळावा? (नागपूर) मदत हवी आहे

नमस्कार. माझे वडील ६३ वर्षांचे असून काटोल तालुक्यात आमची शेती आहे. मागच्या वर्षी पऱ्हाटी उपटताना त्यांच्या उजव्या डोळ्याला काडी लागली, बुरशीचा संसर्ग होऊन बुबुळावर फूल पडले आणि यंदा जानेवारीत नागपुरात त्यांचे नेत्ररोपण झाले. कुणा अनोळखी कुटुंबाने आपल्या दुःखाच्या घडीला दिलेले ते बुबुळ आहे, त्यामुळे ते आमच्या हलगर्जीपणाने जाऊ नये असे मनापासून वाटते.

गेल्या तपासणीत डॉक्टरांना एक टाका सैल झालेला आढळला आणि त्यांनी तो लगेच काढला. बाबांना त्याची जाणीवही नव्हती. रोपणात बुबुळाच्या नसा कापल्या जातात, म्हणून नव्या बुबुळाला कित्येक महिने नीट संवेदना नसते. शिवाय शरीराने ते नाकारू नये म्हणून घालावे लागणारे स्टेरॉइडचे थेंब प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे लाली आणि सूजही उशिरा दिसू शकते, असे डॉक्टरांनी समजावले. सैल टाक्यापाशी स्राव चिकटतो आणि जंतूंना तिथूनच आत शिरायला वाट मिळते. बाकीचे टाके वर्षभर तरी राहणार आहेत. दुखलेच नाही तर कळणार कसे, ही माझी खरी काळजी आहे.

सध्या मी रोज सकाळी त्यांना खिडकीपाशी बसवून डोळा पाहतो आणि डावा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातील तारखा वाचायला सांगतो. लाली, उजेड सहन न होणे, नजर मंदावणे किंवा दुखणे यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, असे ठरले आहे. थेंब घालण्यापूर्वी साबणाने हात धुतो, दोन औषधांत पाच मिनिटे जाऊ देतो, बाटलीचे टोक पापणीला लागू देत नाही. झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची जाळी असते, आणि नळाचे पाणी डोळ्यात जाऊ नये म्हणून डोके मागे झुकवून न्हाऊ घालतो.

आता ऊन तापू लागले आहे आणि कूलरशिवाय नागपुरात राहणे कठीण आहे. कूलरचा झोत व त्याच्या टाकीतले साचलेले पाणी यांबाबत आपण काय खबरदारी घेतली? बाबांना पेरणीपूर्वी गावी जायचे आहे. धुळीत कडेने बंद असलेला चष्मा आपल्या घरी कुणी दिवसभर वापरू शकले का? आणि गावी डोळ्यांचे डॉक्टर नसताना रोजची पाहणी आपण कशी केली?