मुलांच्या दातांची अपॉइंटमेंट चुकवली तर पैसे कापावेत का?

कोथरूडकर
आमच्या भागातल्या मुलांच्या दातांच्या दवाखान्यात नवी पाटी लागलीय. वेळ घेताना ३०० रुपये आगाऊ भरायचे. आदल्या संध्याकाळपर्यंत रद्द केली तर पुढच्या बिलात वळते, न कळवता आला नाहीत तर गेले. सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून नुसती आरडाओरड चाललीय. मला तर पाटी योग्यच वाटते. घरचा एसी दुरुस्त करणारा आला नाही की हेच लोक दहा फोन लावतात.

सईची आई
अजिबात पटलं नाही. पोरीला पहाटे ताप भरला तर आदल्या संध्याकाळी कुठून कळवू? आणि अकराची वेळ देऊन बाराला आत घेतात, त्या तासाचे पैसे आम्ही कापायचे का?

दंतवैद्य, सातारा
मी लहान मुलांचेच दात बघते. ताई, ताटकळण्याचा राग रास्त आहे. पण आधीच्या मुलाने तोंडच उघडलं नाही तर त्याला दामटून काम उरकता येत नाही, आणि वेळ तिथेच जातो.

लहानग्यांना आम्ही शक्यतो सकाळी बोलावतो, कारण संध्याकाळी ती दमलेली, किरकिरी असतात. अशा वेळा थोड्याच. त्यातली एक रिकामी गेली की गाल सुजलेलं दुसरं मूल ताटकळतं.

पैशांपेक्षा मला अर्धवट राहिलेल्या कामांची काळजी वाटते. किडलेल्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनल कधी कधी दोन बैठकांत होतं. पहिल्या बैठकीत औषध घालून वर तात्पुरतं सिमेंट लावतो. मुलाचं दुखायचं थांबतं, आई-बाबा निर्धास्त होतात आणि पुढची वेळ चुकते. मग सिमेंट झिजतं, आत पुन्हा जंतू शिरतात, आणि मूल येतं ते थेट दाढ काढायच्या अवस्थेत.

बंड्या
पण दुधाचीच ना? पडणारच आहे.

दंतवैद्य, सातारा
पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्यातली मागची दाढ लवकर गेली की सहाव्या वर्षी तिच्यामागे आलेली कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. मग तारा लावा. त्याचा खर्च ३०० रुपयांत बसत नाही.

लेस्टरकर
इंग्लंडमध्ये एनएचएसवर, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, १८ वर्षांखालच्या मुलांचे दातांचे उपचार फुकट. वेळ चुकवली म्हणून दंड घेता येत नाही, पण सारखं गैरहजर राहिलात तर दवाखाना पुढचे उपचार नाकारू शकतो. मला हे दंडापेक्षा वाईट वाटतं. चूक आई-बापाची आणि खुर्ची गेली पोराची.

सईची आई
डॉक्टर, दाढेचं पटलं. वेळ पाळायलाच हवी. पण म्हणून सरसकट आगाऊ पैसे? जे एकदाही चुकले नाहीत त्यांच्याकडूनही?

दंतवैद्य, सातारा
मी आगाऊ घेत नाही. दोनदा न कळवता चुकलात तरच तिसऱ्या वेळी घेते. ताप-उलटी असेल तर सकाळी सातला मेसेज टाकला तरी चालतो.

कोथरूडकर
तेच म्हणतोय, एक व्हॉट्सॲप करायला काय जातं?

सईची आई
दादा, त्या पाटीवर फक्त लँडलाइन नंबर आहे. दहाच्या आत तो कोणी उचलत नाही.

कोथरूडकर
मग मोबाइल नंबर लिहायला सांगू त्यांना. ३०० मात्र राहू देत.