स्लॉट कार कंट्रोलर: ट्रिगर अर्धा ओढेपर्यंत गाडी ढिम्म, मग एकदम झेप

खाचेतला
स्लॉट कार म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून धावणारी छोटी विजेची गाडी. माझा १/३२ मापाचा ॲनालॉग ट्रॅक (ट्रिगरने थेट गाडीचा वीजपुरवठा कमी-जास्त होणारा), १२ व्होल्टचा पुरवठा. कंट्रोलर तीन तारांचा, ब्रेकवाला, आत ४५ ओहमची कॉइल. चुंबक असलेली (म्हणजे ट्रॅकला ओढून धरणारी) गाडी ट्रिगर अर्धाअधिक ओढेपर्यंत जागची हलत नाही आणि हलली की झेपच घेते. वळणातून बाहेर पडताना वेग हळूहळू वाढवणं अशक्य. चुंबक काढलेली गाडी त्याच कंट्रोलरवर बरी चालते. ट्रॅकचे सांधे, गाडीच्या ब्रेड (ट्रॅकमधून वीज घेणाऱ्या विणलेल्या तारांच्या पट्ट्या) साफ आहेत. नवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर न घेता आहे त्यातच काय सुधारता येईल?

डागवाला
आधी कॉइल आणि पत्ती (ट्रिगरबरोबर सरकणारा संपर्क) तपासा, मग सोल्डरिंग गन हातात घ्या. तारांचे रंग बदलू शकतात. मी पांढरी म्हणजे पुरवठा, काळी म्हणजे ट्रॅक, लाल म्हणजे ब्रेक असं धरतोय.

प्लग काढून पांढऱ्या-काळ्यात मल्टिमीटर लावा आणि ट्रिगर अगदी सावकाश ओढा. आकडा ४५ वरून शून्याकडे सरकत यायला हवा. मध्येच सर्किट तुटल्यासारखं दाखवलं तर तिथे काजळी आहे किंवा तार झिजली आहे. काटेवाला मीटर असेल तर उत्तम, डिजिटलला क्षणाची तूट दिसत नाही.

कॉइल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फारच काळी असेल तर १५०० नंबरच्या पॉलिश पेपरचे दोन-तीन हलके हात, पत्ती सरकते त्याच दिशेने. जास्त घासलं की तार बारीक होते, तिथेच तापते आणि तिथेच तुटते. तेल किंवा स्प्रे मारू नका, त्यात धूळ बसून पुन्हा काजळी होते. पत्तीचा दाब सैल असेल तर ठिणग्या पडतात, जास्त असेल तर ती तार कापत जाते. पत्तीच्या टोकाची पूर्ण रुंदी टेकली पाहिजे, नुसती कड नव्हे.

एवढं झाल्यावर एक मोजमाप कराच: गाडी जिथे हलायला लागते तिथे ट्रिगर तसाच धरून ठेवा, प्लग काढा, ओहम मोजा. दोन्ही गाड्यांचं. मोटरचाही रोध गाइडच्या (गाडीखालच्या, खाचेत बसणाऱ्या तुकड्याच्या) दोन ब्रेडमध्ये मोजा.

खाचेतला
आकडा सलग सरकतो, तूट नाही. चुंबकवाली गाडी २४ ओहमला हलते, बिनचुंबकाची ३८ ला. दोन्ही मोटरी साधारण ५ ओहम.

ओहमपती
मग कॉइल निर्दोष आहे, फक्त त्या गाडीला जुळत नाही. ट्रिगरच्या सुरुवातीला १२ ÷ (४५+५) = ०.२४ अँपिअर मिळतो. चुंबकाची ओढ मोडायला लागतो १२ ÷ (२४+५), म्हणजे ०.४१. मधले २१ ओहम वाया जातात.

स्वस्त उपाय समांतर रेझिस्टरचा. ४५ ला ५६ ओहम समांतर जोडला की २५ होतात आणि गाडी ट्रिगरच्या सुरुवातीलाच हलते. ५ वॉटचा सिमेंट रेझिस्टर घ्या. तो कॉइलच्या दोन टोकांना जोडा, पांढऱ्या-काळ्यात नाही. पांढऱ्या-काळ्यात जोडलात तर ट्रिगर सोडल्यावर पत्ती ब्रेकवर टेकते आणि १२ व्होल्ट ५६ ओहममधून सरळ लाल तारेत जातात. कंट्रोलर नुसता पडून असताना अडीच वॉट मुठीत तापत राहतात आणि प्लॅस्टिक मऊ पडतं. कॉइलच्या टोकांना जोडला तर पत्ती कॉइलवरून सुटताच तो बाजूला पडतो.

पण याने रिकामा ट्रिगर भरून निघतो, झेप जात नाही. २४ ओहमवर ०.४१ अँपिअर जाताना मोटरवर जेमतेम २ व्होल्ट उरतात. गाडी सुटून करंट ०.२ वर आला की ट्रिगर तिथेच असूनही मोटरला ७ व्होल्ट मिळतात. हा दोष मालिकेतल्या रोधाचाच आहे, कितीही पॉलिश केलं तरी राहणार. शिवाय बिनचुंबकाची गाडी आता पहिल्या स्पर्शालाच उडेल.

खरा इलाज म्हणजे करंटऐवजी व्होल्टेज ठरवणं: डार्लिंग्टन (एकात दोन जोडलेला, जास्त करंट पेलणारा) ट्रान्झिस्टर, टीआयपी१२२. त्याचे तीन पाय: कलेक्टर, एमिटर, बेस. कलेक्टर पांढऱ्याला, एमिटरवरून ट्रॅकला, पत्ती काळ्या तारेपासून सोडवून बेसला. ४५ ओहमची कॉइल मात्र इथे ठेवू नका. पुरवठ्यावर आडवी जोडली की तीच सव्वातीन वॉट खाते. तिच्या जागी तांब्याच्या १६ पट्ट्यांचा छोटा बोर्ड, शेजारच्या पट्ट्यांमध्ये ६८ ओहमचे १५ रेझिस्टर (पाव वॉट पुरे). वरचं टोक पांढऱ्याला, खालचं ५०० ओहमच्या ट्रिमरमधून (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बदलता रेझिस्टर) लाल तारेला. तीच निगेटिव्ह असल्याने चौथी तार लागत नाही. ट्रिमर पूर्ण असताना बेसवर सुमारे ४ व्होल्ट, मोटरवर अडीच. सुरुवात प्रत्येक गाडीसाठी ट्रिमरने लावता येते. पत्ती एका पट्टीवरून दुसरीवर जाताना बेस अधांतरी राहू नये म्हणून बेस ते लाल ४७ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. १एन४००७ डायोड एमिटरवरून बेसकडे, पट्टा बेसच्या बाजूला. ट्रिगर अर्धवट सोडल्यावर मोटरचं उलट व्होल्टेज बेस-एमिटर जोडावर येतं, त्यापासून तो वाचवतो.

ब्रेकला मायक्रोस्विच (ट्रिगरने दाबला जाणारा छोटा स्विच) हवाच. कॉमन काळ्या तारेला. ट्रिगर सुटलेला असताना लालशी, ओढताच एमिटरशी. जुना ब्रेकचा संपर्क तसाच ठेवून एमिटर कायम काळ्याला जोडला, तर ट्रिमरमुळे अर्धा चालू असलेला ट्रान्झिस्टर ब्रेकमधून शॉर्ट होतो. डार्लिंग्टन हमखास मरतात ते इथेच.

डागवाला
दोन भर. पूर्ण ट्रिगरलाही डार्लिंग्टन दीडएक व्होल्ट खातो, म्हणून ओढीच्या शेवटी कलेक्टर-एमिटर जोडणारा दुसरा मायक्रोस्विच बसवा. ट्रॅकच्या सरळ भागावर फरक जाणवतो. आणि ६ व्होल्टला १ अँपिअर गेला तर ट्रान्झिस्टरवर ६ वॉट असतात, हीटसिंकशिवाय तो २ वॉटच सोसतो. अॅल्युमिनियमची पट्टी मुठीबाहेर काढा, अभ्रकाचा तुकडा घालून, कारण त्याची धातूची पाठ कलेक्टरला जोडलेली असते.

जोडण्याआधी पांढरी तार खरंच पॉझिटिव्ह आहे का ते मीटरने बघा. कॉइलला उलटं-सुलटं चालतं, ट्रान्झिस्टरला नाही.

खाचेतला
तयार पीडब्ल्यूएम मॉड्यूल (पुरवठा वेगाने चालू-बंद करून वेग ठरवणारं) मुठीत बसवलं तर?

ओहमपती
सुरुवात छान मिळेल, कमी वेगात जोरही. पण साध्या मॉड्यूलला ब्रेक नसतो, त्यामुळे मायक्रोस्विचचं काम तरीही करावंच लागेल, आणि त्याचा पॉट (वेगाची गोल खुंटी) पाऊण फेरा फिरणारा. ट्रिगरची ओढ त्याच्या पाव भागाएवढीही नसते. डिजिटल सेटवर यातलं काहीच करू नका, तिथे कंट्रोलर फक्त ट्रॅकच्या पॉवर-बेसला (ट्रान्झिस्टरच्या बेसला नव्हे) सिग्नल देतो. पांढऱ्या तारेत ३ अँपिअरचा फ्यूज मात्र आधी टाका.