मदत हवी आहे: जिप्सीचं टायमिंग पुढे घेतल्यावर चढावर नॉकिंग

नमस्कार मंडळी, मी इंदूरहून लिहितोय. माझ्याकडे बाबांची जिप्सी आहे, १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली. रविवारी आम्ही चोरल, जानापावकडच्या कच्च्या रस्त्यांवर जातो. गाडी मला जिवापाड प्रिय आहे, म्हणून इंजिनाला इजा होण्याआधीच विचारतो.

चढावर दम कमी पडायचा. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, १० वरून १४ अंशांवर आणलं; ठिणगी आता आधी पडते. खालच्या आरपीएमला ओढ खरंच वाढली! पण आता दुसऱ्या गिअरमध्ये, भर चढावर पाय दाबला की धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज (नॉकिंग) येतो. सपाटीवर काहीच नाही. प्लग काढून पाहिले तर टोकं पांढुरकी, म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असावं.

मला संशय पेट्रोलचा आहे. नुसत्या पेट्रोलला १ किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे ई-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) जुना जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं इंधन सोडणारं छिद्र, कमीच पडणार ना? मिस्त्री म्हणतात, जेट राहू दे, टायमिंग मागे घे. मला ते अर्धंच पटतं.

आधी १० अंशांवर येऊन मेन जेट एक नंबर मोठा लावू आणि मग एकेक अंश पुढे जाऊ का? व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा डायफ्रॅम (इंजिनाच्या खेचीने ठिणगीची वेळ आपोआप बदलणारा पडदा) फाटलाय का, हे घरी कसं तपासायचं? आणि इंदुरात कार्ब्युरेटरचा जाणता हात कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा. तोवर गाडी चढावर नेत नाही.