विषय: बाबांच्या गाडीचे दिवे मिणमिणतायत

मंडळी नमस्कार,

सुट्टीवर पुण्यात आलोय, त्यामुळे आपल्या मंडळाच्या या महिन्याच्या जर्मनीतल्या बैठकीला मी नाही. वर्गणीचा हिशोब मागच्या मेलमध्ये पाठवलाय. आता माझं रडगाणं.

बाबांची २००८ ची डिझेल एसयूव्ही अजून आहे. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलंय, तेव्हा विकायचं नाव काढायचं नाही. शनिवारी माणगावहून ताम्हिणीमार्गे परत येताना रात्र झाली, त्यात पाऊस. हेडलाइट असे, की कंदील बरा. अॅक्सिलरेटर दाबला तरी फारसा फरक नाही. इंडिकेटर लावला की त्याच्या टिकटिकीबरोबर हेडलाइटही धडधडतात. पॉवर विंडोचं बटण दाबलं की आणखी मंद. आणि सर्वांत विचित्र म्हणजे हेडलाइट लावताक्षणी इंजिनच्या तापमानाचा काटा बोटभर वर जातो, बंद केले की खाली.

बॅटरी गेल्याच वर्षी बदलली आहे. गॅरेजवाला म्हणतो, "डायनमो गेलाय, नवीन टाका." बाबा म्हणतात, "आधी सिद्ध कर." काय करू?

— सहकारनगरातून

*

विषय: पुन्हा: बाबांच्या गाडीचे दिवे मिणमिणतायत

अरे, तुझ्या बाबांचं बरोबर आहे. गाडीत खरोखरचा डायनमो असायचा तो काळ मी पाहिलाय. आता असतो तो अल्टरनेटर, पण पुण्यात त्याला डायनमोच म्हणतात आणि काहीही झालं की तोच बदलतात.

आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी कर. बेल्ट सैल आहे का बघ. पावसात किंचाळत असेल तर घसरतोय. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा घालून धू. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घे. त्या काचा काच नसून प्लास्टिक असतात आणि पुण्याच्या उन्हात दुधाळ होतात. आणि पार्किंगमध्ये उंदीर आहेत का? आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात तीन गाड्यांच्या वायरी खाल्ल्या त्यांनी.

एक मात्र करू नकोस. नाना पेठेत कुणीतरी १००/९० वॉटचे बल्ब गळ्यात मारेल. ६०/५५ च्या जागी ते घातलेस तर होल्डर वितळतील.

— एरंडवण्याचे काका (जर्मनीहून कायमचा परत आलो असलो तरी मंडळाच्या मेल-यादीतून नाव काढलेलं नाही, धन्यवाद)

*

विषय: पुन्हा: पुन्हा: बाबांच्या गाडीचे दिवे मिणमिणतायत

काका म्हणतात ते सगळं कर, पण मला तुझ्या त्या काट्याने खूण पटवली. इंजिन एका क्षणात तापत नाही आणि क्षणात गार होत नाही. म्हणजे काटा तापमान दाखवत नाहीये, बिघडलेली अर्थिंग दाखवतोय, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी. सेन्सर इंजिनला अर्थ, डॅशबोर्ड बॉडीला अर्थ. दोन्हींच्या मध्ये व्होल्टेजचा फरक पडला की काटा खोटं बोलतो. इंडिकेटर आणि खिडकी दोघांनी हेडलाइटला खाली खेचणं हेही त्याच घरचं: सगळ्यांचा परतीचा रस्ता एकच, आणि तो अरुंद झालाय.

पण अंदाजावर पाना फिरवू नकोस. तपकीर गल्लीत जाऊन साधा डिजिटल मल्टीमीटर घे आणि हे मोज. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.५ च्या आसपास असावी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४. इतकं मिळालं तर अल्टरनेटरला ढोबळमानाने माफी. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून बल्बच्या मागच्या कनेक्टरवर मोज. कनेक्टर काढून मोजू नकोस हं! बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच मागून टाचणी घालून मोजायचं. करंट वाहत नसेल तर गंजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते.

गॅरेजवाल्याने बहुतेक मीटरचा "बीप" (वायर सलग असली की वाजतो तो) लावून अर्थिंग ओके म्हटलं असेल. तो बीप इथे निरुपयोगी आहे. आपल्याला पकडायचाय तो अवरोध एक ओहमचा विसावा हिस्सा, आणि मल्टीमीटरच्या स्वतःच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतात. पण त्याच विसाव्या हिश्श्यातून २५ अँपिअर गेले की सव्वा व्होल्ट खल्लास.

आणि कुणी "चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघू, बंद पडली तर डायनमो खराब" असं म्हणालं, तर त्याला बॉनेटपासून लांब ठेव. त्या क्षणी व्होल्टेजचा जो झटका येतो तो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, घेऊन जाऊ शकतो. इंजिन चालू असताना बाबांचं उपरणं, तुझी बाही, काहीही बेल्टजवळ नको.

— ल्युडविग्सबुर्गहून, ताई

*

विषय: पुन्हा: मोजमापं

ताई, काका,

मीटर आणला. बेल्ट ठीक, उंदीर नाहीत, काच जरा पिवळी आहे.

सकाळी बॅटरी १२.५. इंजिन चालू, बाकी सगळं बंद: १४.१. हेडलाइट, ब्लोअर लावून बॅटरीवर १३.६. आणि डाव्या बल्बवर ११.६! दोन व्होल्ट वाटेतच गायब. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "बीप वाजला होता, साहेब." ताई, तुझ्या तोंडात साखर पडो.

आता पुढे?

*

विषय: पुन्हा: मोजमापं

आता ते दोन व्होल्ट कुठे गेले ते शोध. दिवे चालूच ठेव. बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंत किती पडतात? बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थपर्यंत किती? मग मायनस ते इंजिन ब्लॉक आणि मायनस ते बॉडीचा रंग खरवडलेला पत्रा, हे वेगवेगळं घे. इंजिन आणि बॉडीकडे ०.१ ते ०.२ च्या वर गेलं तर थांब, चोर तिथेच.

काका, तोवर तुम्ही त्याला दुसऱ्या गॅरेजात पाठवू नका.

— ताई

*

विषय: सापडला!

प्लसच्या बाजूला ०.६. अर्थच्या बाजूला १.४! त्यातले मायनस ते इंजिन फक्त ०.०५, पण मायनस ते बॉडी १.२.

बॅटरी काढली (आधी मायनस, काका, लक्षात होतं), खालचा ट्रे उचलला. बॉडीला जाणारी अर्थची वायर ट्रेच्या खाली बोल्टने आवळलेली. आधीच्या बॅटरीचं अॅसिड सांडलेलं, त्यावर इतके पावसाळे. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बाहेरून धड दिसत होता, पण इन्सुलेशन कापलं तर आतलं तांबं हिरवं, आणि बहुतेक तारा हात लावताच तुटल्या. बाबांनी तो तुकडा धुऊन टेबलावर ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

नाना पेठेतून १६ चौरस मिलिमीटरची वायर दोन्ही टोकांना लग दाबून घेतली. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस. रेडिएटरजवळचा दिव्यांचा अर्थ पॉइंटही साफ केला. साडेतीनशे रुपयांत आटपलं. गॅरेजवाल्याचा आकडा मी बाबांना सांगितलेला नाही.

आता अर्थच्या बाजूला ०.१५ आणि बल्बवर १२.८५. काटा हलत नाही, खिडकी झटकन खाली येते.

*

विषय: पुन्हा: सापडला!

छान. सव्वा व्होल्टने एवढा फरक कसा, असं मंडळात विचारतील म्हणून: हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. ११.६ चे १२.८५ म्हणजे व्होल्टेज ११ टक्के वाढलं, उजेड ४० टक्क्यांच्या आसपास.

प्लसचे ०.६ राहिलेत. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. तसं असेल तर रिलेचा हार्नेस (तयार वायरिंगचा जोड) टाक: स्विच फक्त रिलेला इशारा देतो, बल्बला करंट थेट बॅटरीतून जाड वायरने. पण ते सावकाश, पुढच्या सुट्टीत.

— ताई

*

विषय: पुन्हा: पुन्हा: सापडला!

पुढची सुट्टी कसली, बाबा आजच निघालेत हार्नेस आणायला. मीटर मी परत येताना बरोबर आणणार होतो, पण तो आता मिळायचा नाही. सकाळपासून इन्व्हर्टर, बेलची बॅटरी आणि शेजारच्या आजोबांची स्कूटर मोजून झालीये. स्कूटर ११.९ आहे. आजोबा विचारतायत, तुमच्या त्या ताईंना मेल करता येईल का.