गाडगीळांचं साखरेपलीकडचं काम

कोणीतरी लिहिलंय की अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ म्हणजे प्रवरानगरचा साखर कारखाना आणि नंतर दिल्लीत नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद, बस्स. कारखान्याबद्दल वाद नाही, पहिले चेअरमन तेच होते, पण एक मोठं काम राहिलं. १९६९ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने रिपोर्ट दिला की बँकांनी शहरात गर्दी करण्यापेक्षा जिल्हे वाटून घ्यावेत, एकेका जिल्ह्यात एका बँकेने पुढाकार घेऊन शाखा कुठे हव्यात, कर्ज कोणाला मिळत नाही हे बघावं. त्यातूनच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेची लीड बँक योजना आली.

मी फोर्टात बँकेत नोकरी केली, जिल्ह्यांच्या क्रेडिट प्लॅनचे (म्हणजे कर्जवाटपाच्या आराखड्यांचे) कागद टेबलावरून रोज जायचे, पण ही कल्पना गाडगीळांची हे आम्हाला ट्रेनिंगमध्येही कोणी सांगितलं नाही (सावकाराच्या व्याजाचे आकडे मात्र पाठ करून घेतले!). आणि गंमत म्हणजे मुंबई या योजनेत सुरुवातीला नव्हतीच, महानगरातले जिल्हे थेट २०१३ मध्ये घेतले, जणू धारावी-मानखुर्दला सगळ्यांची खाती आधीपासूनच होती.