हेलियम विजयदुर्गावर सापडला, तर लॉकियर तेव्हा कुठे होता?

खाडीकाठ: दर १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो. गडावरचे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे दाखवून पोरांना सांगतात, १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबाने इथूनच हेलियम शोधला. अहो, लॉकियर तेव्हा इंग्लंडात! ग्रहण पाहिलं जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने, तेही आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकियरने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, घरच्या दुर्बिणीला स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून वर्णपट दाखवणारं यंत्र, लावून सूर्याच्या कडेची पिवळी रेषा टिपली; ती ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती, तीच हेलियमची. विजयदुर्गाला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. कट्टे त्याचे असतील तर त्या वेळचे.

गिर्येकर: एवढं उकरून काय मिळवलंत? त्या निमित्ताने पोरं गडावर येतात, वर्णपट हा शब्द कानावर पडतो. एरवी इकडे हापूस सोडून कोण काय विचारतो?

खाडीकाठ: शब्द कानावर पडून भागत नाही. सोडियमच्या पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीला, ही नवी ५८७.६ ला. दीड-दोन नॅनोमीटरचा फरक! तो नीट मोजला नसता तर सोडियमच समजून सोडून दिली असती. इतक्या काटेकोर मोजणीची गोष्ट सांगायची आणि त्यातच तीस वर्षांची चूक करायची?

फिजिक्सवाल्या बाई: १८६८ ला ‘सापडला’ हेही अर्धंच. धातू असेल असं वाटून नावाला ‘इयम’ जोडलं. रसायनवाले तर बरीच वर्षं मानायलाच तयार नव्हते. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने क्लेव्हाइट खनिजातून वायू काढला, त्याची रेषा तिथेच निघाली, तेव्हा वाद मिटला. म्हणजे विजयदुर्गावर उतरला तो २७ वर्षांनी खरा ठरलेला लॉकियर. मला ही गोष्ट जास्त आवडते. पोरांना आजचंही सांगा. दोन इलेक्ट्रॉन आले की अणूचं गणित तंतोतंत सुटत नाही, म्हणून हेलियमच्या ऊर्जापातळ्यांमधली अंतरं लेसरने मोजून क्वांटम सिद्धान्ताशी ताडून बघतात. त्यासाठी कट्टा लागत नाही.

गिर्येकर: बाई, कट्टा नसेल तर पोरं येणार नाहीत.

दर्यावर्दी: तुमचा सगळ्यांचा खरा. पण १८ ऑगस्टाक गडार ढगांशिवाय काय दिसता? दिवस २२ जानेवारीक ठेवा. साल बरोबर, आभाळय निवळ.

खाडीकाठ: हे पटलं.

गिर्येकर: जानेवारीत आमची मोहराची फवारणी असते. पोरांना गडावर आणणार कोण, तुम्ही?